परत यायची जागा

१

परतूरहून आष्टीला जाणारा रस्ता सोडून थोडं आत गेलं की जे गाव लागतं, तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाईल फळीवर, आणि पोरं पुस्तकं घेऊन बसतात. ग्रामपंचायतीने हा ठराव केला तेव्हा चार-आठ दिवसांचं नवलाईचं काम म्हणून लोकांनी माना डोलावल्या होत्या. पण भोंगा टिकला. टिकला तो साहेबराव गुरुजींमुळे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पंचायतीच्या गच्चीवर एक बुटकी खोली आहे, तिच्या छपरावर भोंगा आणि आत भिंतीला पितळी बटण. हे बटण नुसतं दाबून भागत नसे, भोंगा वाजेपर्यंत दाबून धरावं लागे. गुरुजी रोज बाहेरचा लोखंडी जिना चढून वर जायचे, खिशातला खडू अंगठ्याला चोळायचे, कारण घामेजल्या बोटाला तिथं कधीमधी झटका बसे, आणि बटण दाबून मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणायचे. पाढा संपला की भोंगा संपला. 'सतरा पंचे पंच्याऐंशी'पर्यंत उजवा अंगठा दुखायला लागे, मग ते डावा लावायचे. त्या बदलात भोंगा क्षणभर दबायचा आणि पुन्हा चढायचा. तो दबला की बायका म्हणायच्या, गुरुजींनी अंगठा बदलला बघा.

मागच्या हिवाळ्यात ते त्या जिन्यावरून घसरले आणि गुडघा फुटला. आणि त्यांची लेक संध्या हट्टाला पेटली.

संध्या पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करते. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे तळहाताएवढे कॉम्प्युटर असतात, त्यांच्या अगदी पोटातलं, यंत्राला चिकटून असलेलं काम ती करते. आई सत्यशीला वारल्यावर आणि घरून काम करायची मुभा मिळाल्यावर ती वडिलांजवळ येऊन राहिली होती. आता तिने ठरवलं, की भोंगा तसल्याच एका छोट्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर टाकायचा, वडिलांनी जिना चढायचा नाही. शिकलेल्या माणसाला माया करायची म्हटलं तरी त्याला आधी यंत्रच सुचतं.

गुरुजींनी तिला विचारलं की हा डबा सातला वाजवील कसा. अंगणातल्या त्यांच्या लाकडी खुर्चीशेजारी बसून संध्याने सांगितलं. बोर्डावर एक टायमर असतो. ठरलेला वेळ भरला की तो प्रोसेसरला हाक मारतो, त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथं सोडतो, कुठं सोडलं ती जागा जपून ठेवतो, हाकेचं काम उरकतो आणि पुन्हा त्याच जागेवर येऊन पुढं सुरू करतो. सोडलेल्या कामाला पत्ताही लागत नाही की मधे कुणी उठून गेलं होतं.

गुरुजी खूश झाले. म्हणाले, हे तर आमचंच काम. वर्गावर शिपाई परिपत्रक घेऊन आला की ते बोलता बोलता अर्ध्या शब्दावर थांबायचे, सही करायचे, आणि शिपायाची पाठ फिरताच त्या शब्दाचा उरलेला अर्धा भाग बोलायचे. पोरं हसायची, पण त्यांना त्याचा अभिमान होता.

"अन् परत यायची जागाच कुणी हलवली तर?" त्यांनी विचारलं.

"त्या जागेला हात लावायचाच न्हाई, बाबा," संध्या म्हणाली. "आमच्यात हा पहिला नियम हाय."

२

बोर्ड बसला. जुन्या बटणाची वायर संध्याने स्वतः कापली आणि टोकांना टेप लावला. बटण तेवढं भिंतीवर राहू दिलं, कारण ते काढलं असतं तर भिंतीचा गिलावाही निघून आला असता.

पहिल्या संध्याकाळी सरपंच सर्जेराव, पंचायतीचा शिपाई कडूबा आणि गावातली बरीच मंडळी खाली जमली. सात वाजता भोंगा आपोआप वाजला आणि नेमक्या वेळी बंद झाला. लोकांनी संध्याचं कौतुक केलं. पुण्याला शिकलेली लेक गावाच्या कामी आली, असं सर्जेराव दोनदा म्हणाले.

गुरुजी आले नव्हते. संध्या घरी परतली तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसले होते. धुतलेला सदरा घातलेला, खिशात खडू, पायात चपला. भोंग्याची वेळ झाली म्हणून अंग आपसूक तयार झालं होतं आणि जायला कुठं नव्हतं.

"आता आराम करा," संध्या म्हणाली.

ते बरं म्हणाले. या 'बरं'चा तिने पुढं फार विचार केला. त्या दिवशी मात्र तिला भूक लागली होती आणि काम फत्ते झाल्याचा आनंद होता, त्यामुळे ती आत गेली.

चार-पाच संध्याकाळी अशाच गेल्या. मग एकदा ती ओट्याशी भाजी चिरत असताना भोंगा सुरू झाला आणि अर्ध्यात दबला. क्षणभरच, आणि पुन्हा चढला. तिचा हात थांबला. बोर्डाला अंगठा नसतो. तो बदलायची त्याला गरज नसते.

शेजारच्या चांगुणाबाई कुंपणापलीकडून नातवाला ओरडल्या, की गुरुजींनी अंगठा बदलला, अजून तुझं दप्तर उघडलं नाही का. त्यांच्या लक्षातही आलं नाही आपण काय बोललो ते.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी संध्या लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. खोलीत उन्हाची एक पट्टी, कबुतराची विष्ठा, आणि तापलेल्या पत्र्याचा वास. जिन्याचा कठडा गंजलेला होता. हाताला लाल भुकटी लागली, ती तिने ओढणीला पुसली.

दोष सापडायला तिला वेळ लागला नाही. टायमरच्या लाइनीवर जास्तीच्या हाका येत होत्या.

ही गोष्ट इथं जरा समजून घ्यायला हवी. लाइनीवर हाक आली की संध्याने लिहिलेला कोड जागा होतो आणि टायमरला विचारतो, तू हाक मारलीस का? टायमर हो म्हणाला तर कोड सांगतो, 'माझं', आणि काम करतो. टायमर नाही म्हणाला तर कोड सांगतो, 'माझं नाही'. त्या लाइनीला टायमरशिवाय दुसरं काहीही जोडलेलं नव्हतं. तरी रोज भोंगा सुरू झाला की हाका यायला लागायच्या, आणि टायमर म्हणायचा, मी नाही. अर्ध्यावर क्षणभर त्या थांबायच्या, नेमका तिथंच भोंगा दबायचा, मग पुन्हा सुरू व्हायच्या. हाक होती, पण हाक मारणारा नव्हता.

तिने कारणं शोधली. तिचा तो धंदाच होता. सातच्या सुमाराला गावात पाण्याच्या मोटारी चालू होतात, विजेचा दाब हलतो. कापसाच्या जिनिंगच्या मशिनी लांब नाहीत. कापलेली वायर अजून भिंतीत आहे, ती हवेतला गोंगाट पकडत असेल. सगळी कारणं बरोबर होती, आणि तिने एकेक करून सगळी बंद केली. वायर भिंतीतून ओढून काढली. बोर्डाला वेगळी बॅटरी दिली. सातला हाका आल्याच, आदल्या दिवसापेक्षा थोड्या जास्त.

एक उपाय तिच्या हातात होता. टायमर नाही म्हणाला तरी कोडने 'माझं' म्हणायचं. एका शब्दाचा बदल. पण जे आपलं नाही त्याला आपलं म्हणणारा कोड तिने कधी लिहिला नव्हता. तिच्या मते ते खोटं बोलणं होतं आणि यंत्राशी खोटं बोललं की यंत्र एक दिवस उलटतं. तिने 'माझं नाही' तसंच ठेवलं.

निघताना तिचं लक्ष जुन्या बटणाकडे गेलं. त्यावर खडूचा अंगठा उमटला होता. जुना असेल, असं ती स्वतःला म्हणाली. पण वायर कापली त्या दिवशी तिने ते बटण ओल्या फडक्याने पुसलं होतं, हे तिला चांगलं आठवत होतं.

४

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी ती अंगणात वडिलांजवळ बसली होती. ते हरभऱ्याबद्दल बोलत होते. गुरुजींची शेती नव्हती, पण गावातल्या प्रत्येकाच्या पिकावर त्यांचं मत असे.

"औंदा हर," ते म्हणाले आणि थांबले.

भोंगा सुरू झाला होता. संध्याला वाटलं, आवाजामुळे थांबले. तिने वर पाहिलं. डोळे उघडे होते, अंगणाच्या समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे लागलेले. पापणी हलत नव्हती. ओठ 'र'वर जसे राहिले होते तसेच होते. उजवा हात मांडीवर, आणि त्या हाताचा अंगठा वाकून पांढरा पडला होता.

भोंगा अर्ध्यावर दबला. उजवा अंगठा सैल झाला, डावा वाकला.

भोंगा संपला आणि थोड्या वेळाने गुरुजी म्हणाले, "भऱ्याला घाटे चांगले लागले. रामप्रसादचं रान बघ एकदा."

त्यांना काही कळलंच नव्हतं. तिने विचारलं की आत्ता काय झालं होतं तुम्हाला. ते म्हणाले, काय झालं? हरभऱ्याचंच तर बोलून राह्यलो. त्यांना थोडी धाप लागली होती, एवढंच.

संध्याने त्यांना जालन्याला डॉक्टरकडे नेलं. मेंदूच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. या वयात असे क्षणभराचे झटके येतात, माणूस जागच्या जागी हरवल्यासारखा होतो आणि परत येतो, असं डॉक्टरांनी समजावलं आणि गोळ्या दिल्या. संध्याला हायसं वाटलं. तिला एक नाव हवं होतं आणि ते मिळालं.

गोळ्या चालू झाल्या. झटका मात्र रोज त्याच वेळेला येत राहिला. भोंगा संपल्यावर परत यायला गुरुजींना रोज थोडा जास्त वेळ लागायला लागला. आणि एका संध्याकाळी ते परत आल्यावर पाण्याचा तांब्या देताना तिने त्यांचे तळहात पाहिले. दोन्ही तळहातांना लाल भुकटी लागली होती. गंजाची. ते तासाभरात खुर्चीवरून उठले नव्हते.

५

"जिना वाजतो," कडूबा म्हणाला.

तो पंचायतीच्या ओसरीवर झाडून घेत होता आणि संध्याने त्याला सहज म्हणून विचारलं होतं, की सातच्या वेळेला वर कुणी जातं का. कडूबा पन्नाशीचा, गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात. सांगू की नको, असं करत त्याने सांगितलं.

"भोंग्याच्या आदुगर चपला वाजतात पायऱ्यांवर. एक पाय जरा घसटत. गुरुजींचा गुडघा दुखून राह्यला ना, तसा. मी एक डाव बाहीर येऊन बघितलं. जिन्यावर कुणी न्हाई. मंग मी बघायचं सोडलं."

संध्या म्हणाली की लोखंड उन्हाने फुगतं आणि संध्याकाळी आकसतं, त्याचा आवाज होतो.

"आसंल," कडूबा म्हणाला. "पर उतरताना बी वाजायचा. हल्ली चढताना वाजतो, पर उतरताना लवकर वाजत न्हाई. लई उशिरानं वाजतो."

त्याने पुन्हा झाडू हातात घेतला.

त्या दुपारी संध्याने वडिलांना समोर बसवून विचारलं. तुम्हाला भोंग्याची आठवण येते का, वर जावंसं वाटतं का. गुरुजींनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, तू माझ्या गुडघ्यासाठी केलंस, मला माहीत आहे. पण सगळ्या गावाच्या पोरांना हाक मारायचं काम होतं ते. हाताला त्याची इतकी सवय झाली होती, की आता सात वाजले की हातच कुठं ठेवावा कळत नाही.

हे ऐकून तिला गलबलून आलं. तिथल्या तिथं तिने म्हणायला हवं होतं, की बाबा, उद्यापासून तुम्हीच वाजवा, मी तुमचा हात धरून वर नेते. एवढंच पुरलं असतं. पण बिघाड सापडल्याशिवाय काम सोडायची तिला सवय नव्हती. तिने मनात ठरवलं, की आज एकदा वर बसून बघू, हाका कुठून येतात ते शोधू, मग बाबांचं बघू.

६

चांगुणाबाईंना वडिलांजवळ बसवून ती सातच्या आधी गच्चीवर गेली. गुरुजींनी कुठं निघालीस म्हणून विचारलं, तेव्हा वर जरा काम आहे, एवढंच ती म्हणाली.

खोलीत तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दाराकडे तोंड करून बसली. बटण तिच्या उजव्या हाताला होतं. बाहेर अजून जरासा उजेड उरला होता. खाली कुणाच्या तरी घरात मालिकेचं गाणं चालू होतं.

जिना वाजला. पहिली पायरी, दुसरी. एक पाय घसटत. लोखंड आकसतंय, असं तिने मोठ्यांदा म्हटलं. आवाज वरच्या पायरीपर्यंत आला आणि थांबला. दारात कुणी नव्हतं. दारातला उजेड मात्र थोडा कमी झाला, कुणी उभं राहिल्यावर होतो तसा.

तिच्या शेजारून खडूचा वास गेला.

सात वाजले. टायमरने हाक मारली, कोड 'माझं' म्हणाला, भोंगा सुरू झाला. आणि भिंतीवरचं ते पितळी बटण, ज्याला मागं कसलीही वायर नव्हती, हळूच आत गेलं. आत जाऊन तसंच राहिलं. त्याच्या खालच्या भिंतीवरून खडूची पांढरी भुकटी ओघळली.

पडद्यावर हाका कोसळायला लागल्या. कधी आल्या नव्हत्या इतक्या. प्रत्येक हाकेला तिचा कोड टायमरला विचारत होता, टायमर नाही म्हणत होता, आणि कोड प्रामाणिकपणे सांगत होता, माझं नाही, माझं नाही, माझं नाही. संध्या बटणाकडे बघत राहिली. भीती होतीच, पण भीतीच्या आधी तिला कळलं होतं की हा अंगठा कुणाचा आहे. आणि तेव्हाच तिला लिनक्सचा तो नियम आठवला, जो ती नव्या पोरांना शिकवायची. एखाद्या लाइनीवर फार हाका आल्या आणि कुणीच त्यांना आपलं म्हटलं नाही, तर लिनक्स ती लाइन कायमची बंद करून टाकतो. बिनमालकाच्या हाकांनी यंत्र अडकून पडू नये म्हणून.

तिची बोटं कळांवर गेली. एकच शब्द बदलायचा होता. फाइल उघडली. शब्दापर्यंत पोचली.

भोंगा अर्ध्यात तुटला.

पडद्यावर इंग्रजीत ओळ आली होती, की या लाइनीची कुणी दखल घेतली नाही, ती बंद करण्यात येत आहे. हाका थांबल्या. टायमरही त्याच लाइनीवर असल्यामुळे मुका झाला. सतरा पंचेसुद्धा पुरं झालं नव्हतं.

बटण आतच होतं. ती जिन्याकडे धावली.

७

अंगणात चांगुणाबाई उभ्या होत्या. गुरुजी खुर्चीवर, दोन्ही हात मांडीवर, उजवा अंगठा वाकलेला. डोळे उघडे. श्वास चालू.

"माझ्याशी बोलून राह्यले व्हते," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्हन्ले, तिला म्हणावं, येताना मला. आन् तेवढ्यात भोंगा वाजला."

येताना मला काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. घेऊन ये, असेल. चष्मा आण, असेल. हाक मार, असेल.

आता इथं संध्याने जे केलं ते कुठलीही लेक करील. तिने गाडी बोलावली, कडूबाने आणि सर्जेरावांनी गुरुजींना खुर्चीसकट उचललं, आणि आष्टी रस्त्याने त्यांना परतूरला, तिथून जालन्याला नेलं. त्या जागेला हात लावायचा नाही, हा पहिला नियम तिनेच सांगितला होता. तो तिला आठवला तेव्हा गाडी वाटूरच्या पुढं गेली होती.

तिने ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं नाही. कुणाला काय सांगणार होती? की वडील गच्चीवरून परत येतील तेव्हा अंगणात ना खुर्ची असेल, ना त्यांचं अंग?

दवाखान्यात बरेच दिवस गेले. गुरुजी गिळायचे, झोपायचे, जागे व्हायचे. कुणी हात धरून चालवलं तर चालायचे. बोलत नव्हते आणि बघत नव्हते. डॉक्टरांनी नवीन नाव सांगितलं, या वेळी तिला त्याने हायसं वाटलं नाही. दवाखान्यातल्या खाटेशी बसून ती रोज लॅपटॉप उघडायची. कोड तिने केव्हाच बदलला होता. आता त्या लाइनीवर कुणाचीही हाक आली तरी तो 'माझं' म्हणणार होता. घड्याळ बघून भोंगा वाजवायचं कलमही तिने काढून टाकलं होतं. कुणी हाक मारली तरच भोंगा वाजेल, नाहीतर गप्प बसेल.

घरी आणलं त्या दिवशी कडूबा आधीच येऊन थांबला होता. ती नसताना त्याने आणि चांगुणाबाईंनी घराची काळजी घेतली होती. घर झाडलं होतं, माठ भरून ठेवला होता. आणि गुरुजी येणार म्हणून चांगुणाबाईंनी सगळं अंगण शेणाने छान सारवून घेतलं होतं.

संध्या दारातच थांबली. त्या अंगणात वर्षानुवर्षं एकाच जागी खुर्ची असायची. तिच्या पायांनी मातीत चार खळगे पडले होते, वाटीएवढे. आता अंगण एकसारखं होतं. चांगुणाबाई कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या.

"चांगलं केलंत, मावशी," संध्या म्हणाली, आणि आत जाऊन रडली.

८

त्याच संध्याकाळी तिने गच्चीवर जाऊन बोर्ड चालू केला. बटण अजून आतच होतं. ती नसताना गावच्या वीजवाल्याने ते पकडीने ओढून पाहिलं होतं, गंजलंय म्हणून सोडून दिलं होतं. तिने त्याला हात लावला नाही.

सात वाजता भोंगा वाजला. कुणी वर नव्हतं, कुणी वेळ सांगितली नव्हती. सुरू झाला आणि सरळ वाजत गेला. गावाने टीव्ही बंद केले. भोंगा दुरुस्त झाला, असं लोक म्हणाले.

तेव्हापासून तो रोज वाजतो. कडूबाच्या एकट्याच्या लक्षात आलं. पाण्याचा नळ सोडायला जाता जाता तो एकदा कुंपणाशी थांबला आणि चाचरत म्हणाला, की आता भोंगा मधे दबत नाही.

"गुरुजी आता अंगठा बदलत न्हाईत," तो म्हणाला.

संध्याला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. ज्याचा अंगठा दुखतो तोच बदलतो. जिनाही आता वाजत नाही, ना चढताना, ना उतरताना. ज्याला परत यायला जागा नाही तो उतरून कुठं जाईल? रात्री झोपताना तिला वाटतं, की बाबा वर उभे आहेत, पाढा म्हणतायत, आणि कुणीतरी आपल्याला खाली बोलवायला येईल याची वाट बघतायत. मग वाटतं की वाट बघणंही आता संपलं असेल. यातलं वाईट कोणतं, हे तिला ठरवता येत नाही.

पण रोज सातच्या आधी ती गुरुजींना धरून अंगणात आणते. त्यांना तो धुतलेला सदरा घालते, खिशात खडू ठेवते. चांगुणाबाई त्या दिवशी ओट्याच्या ज्या पायरीवर बसल्या होत्या तिथं येऊन बसतात. त्यांना हे सगळं काय चाललंय ते कळत नाही, पण एका लेकीचं दुःख कळतं, आणि अंगण सारवल्यावर ती आत जाऊन का रडली, हेही एकदा त्यांनी विचारून घेतलं आहे. तेव्हापासून त्यांनी एकही संध्याकाळ चुकवलेली नाही.

संध्या खुर्ची ठेवते. मागं जाऊन बघते. जरा दाराकडे सरकवते, जरा कुंपणाकडे. पाय मातीवर दाबून बघते, कुठं पोकळ लागतंय का. लागत नाही. चांगुणाबाईंचं सारवण पक्कं आहे.

"इथं?" ती विचारते.

चांगुणाबाई मान वाकडी करून बघतात. कधी जरा अलीकडे म्हणतात, कधी जरा पलीकडे. काल जिथं बरोबर वाटलं होतं तिथं आज वाटत नाही. गुरुजी उभे असतात, धरलं तसे, संध्याच्या हातात हात.

भोंगा सुरू होतो आणि कुठंही न दबता वाजत राहतो. संध्या घाईने वडिलांना खुर्चीवर टेकवते, त्यांचे हात मांडीवर ठेवते, तोंड रिकाम्या कोपऱ्याकडे वळवते. त्यांच्या ओठांकडे बघत बसते, त्या 'मला'च्या पुढच्या शब्दासाठी. भोंगा संपतो. गावात पोरांच्या वाचण्याचा आवाज सुरू होतो. ओठ हलत नाहीत.

"इथं नव्हती का, मावशी?" ती विचारते.

"इथंच कुठंतरी व्हती, बाई," चांगुणाबाई म्हणतात. "उद्या बघू."